खुराडं आणि चूल यांच्यामध्ये

मराठीत कोंबडीपालनावर पुस्तकं कमी नाहीत. पिल्लांना ऊब किती द्यावी, मानमोडीची लस कधी द्यावी, रवणीला बसवलेल्या कोंबडीखाली किती अंडी ठेवावीत, हे सगळं त्यांत नीट मिळतं. पंचायत समितीच्या प्रशिक्षणवर्गातही हेच शिकवतात. पाककृतींची पुस्तकं मात्र 'एक गावठी कोंबडी, साफ करून' इथून सुरू होतात. पालनाचं पुस्तक जिथे संपतं आणि स्वयंपाकाचं जिथे सुरू होतं, त्यांच्यामध्ये एक सकाळ असते. त्या सकाळी घरातलं कुणीतरी डालगं उचलतं, कोंबडी हातात घेतं आणि सुरी चालवतं. त्या सकाळीबद्दल आपल्या छापील मराठीत फारच थोडं आहे. हे पुस्तक त्या सकाळीचं आहे.

एवढा एकच दिवस आणि त्यावर अख्खं पुस्तक कशाला, असं कुणाला वाटेल. २०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यांतली सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातली होती, आणि २०१२ च्या गणनेच्या तुलनेत परसातल्या पक्ष्यांची वाढ जवळजवळ ४६ टक्के होती. मोठ्या व्यावसायिक शेडमधली वाढ याच काळात पाच टक्क्यांच्याही आत राहिली. बचतगटांना पिल्लं वाटणाऱ्या योजना, हैदराबादच्या संशोधन संचालनालयाची वनराजा आणि ग्रामप्रिया, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली झाबुआची कडकनाथ, शहर सोडून शेतावर राहायला गेलेली तरुण जोडपी, अशा सगळ्यांनी मिळून परसात पुन्हा कोंबडी आणली आहे. पण कोंबडी कापता येणारे हात याच काळात कमी झाले. पशुवैद्यक म्हणून खेड्यापाड्यांत फिरताना मला हे सतत दिसलं आहे. वीस कोंबड्या हौसेने आणि मायेने वाढवणारं घर पाहुणे आले की त्यांतलीच एक पायांना दोरी बांधून, मोटारसायकलच्या हँडलला उलटी लटकवून बाजारातल्या चिकनच्या दुकानात घेऊन जातं. सहा महिने जपलेल्या जिवाचा शेवटचा तास असा जातो. मला हे फार लागतं.

विषय जुना आहे, म्हणून थोडं मागे जाऊ. आपली पाळीव कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबड्यापासून आली, हे डार्विनच्या काळापासून मानलं जातं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्यात आपल्या जवळची एक भर घातली. पिवळ्या कातडीचा आणि पिवळ्या पायांचा गुण तांबड्या रानकोंबड्यातून आलेला नसून राखी रानकोंबड्यातून आलेला आहे. सह्याद्रीच्या जंगलात पहाटे आरवणारा तो हाच. पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडं थायलंडमधल्या बान नॉन वाट इथली, इ.स.पू. १६५० ते १२५० या काळातली मानली जातात. भाताच्या कोरडवाहू शेतीने रानपक्ष्याला माणसाच्या अंगणात ओढलं असावं, असं अभ्यासक म्हणतात. भात पिकवणारं कोकण आणि मावळ ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे पटायला वेळ लागणार नाही. खळ्यावर सांडलेला दाणा आणि त्याभोवती फिरणारा पक्षी तिथे आजही दिसतो.

मांस साफ करण्याच्या रीतीही जुन्याच. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लासा'त डुकराचे केस काढायच्या दोन रीती येतात. पहिली गरम पाण्याची आणि दुसरी गवताच्या जाळाची. कोंबडीच्या पिसांसाठी आपल्याकडे आजही याच दोन वाटा आहेत. पाणी की जाळ, यावरून घराघरांत अजून वाद होतात, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

महाराष्ट्राच्या गावगाड्यात सुरी चालवणं हे सगळ्यांचं काम नव्हतं. पुष्कळ गावांत त्यासाठी मुलाणी असे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) मध्ये बलुतेदारांच्या वर्णनात मुलाणा येतो. मराठ्यांच्या, धनगरांच्या, माळ्यांच्या घरी बोकड किंवा कोंबडा कापायचा तर मुलाण्याला बोलावणं जाई. तो येई, आपल्या शब्दांनी सुरी फिरवी, आपला वाटा घेई. हिंदू देवाच्या जत्रेतला बोकडही कित्येक गावांत मुलाण्याच्याच हातून कापला जाई, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्यामागे धर्माइतकंच कसबही होतं. रोज तेच काम करणाऱ्याची सुरी धारदार असते आणि हात अडखळत नाही. या पुस्तकाच्या लेखकांनी अशा जुन्या मुलाणी घरांत बसून त्या हातांचं ज्ञान टिपून घेतलं आहे. माझ्या मते पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग तो आहे.

दुसरी परंपरा देवाची. कोकणात राखणदाराला वर्षाचा कोंबडा द्यायचा, आषाढ अमावस्येला श्रावणाआधीचं शेवटचं वशाट करायचं, शेतात पेरणी-लावणीच्या वेळी रक्ताचा थेंब टाकायचा. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत, डहाणू-जव्हारच्या वारली पाड्यांवर कोंबडी हा देवाशी बोलण्याचाच एक मार्ग आहे. तिथे कोंबडी कापण्यासाठी बाहेरच्या कुणाची गरज पडत नाही. हे पाहतच मुलं वाढतात, आणि पिसं उपटण्यापासून जाळावर फिरवण्यापर्यंतचं सगळं दहा-बारा वर्षांच्या पोराला येतं. शहरातल्या वाचकाने पुस्तकातली ती छायाचित्रं पाहताना एवढं लक्षात ठेवावं.

याच मातीत उलटी परंपराही तितकीच खोल आहे. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी मांस सोडतो. माळकरी असलेल्या घरी कोंबडीसाठी अंगणात तीन दगडांची वेगळी चूल मांडली जाते आणि भांडीही निराळी असतात. गाडगेबाबांनी आयुष्यभर जत्रेतल्या पशुबळीविरुद्ध कीर्तनं केली. हे पुस्तक त्या परंपरेशी भांडत नाही. ज्याला खायचं नाही त्याचा निर्णय पूर्ण आहे. ज्याला खायचं आहे त्याने मात्र ते कसं येतं हे जाणावं आणि शक्य तितक्या कमी वेदनेने ते व्हावं, एवढंच लेखकांचं म्हणणं आहे. मला वाटतं, बाबांच्या कीर्तनातली करुणा खाणाऱ्यालाही लागू पडते.

मग ब्रॉयलर आला. अमेरिकेत डेलावेअरमध्ये १९२३ साली सेसिल स्टील या बाईंना मागवली त्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे ५०० पिल्लं आली. त्यांनी ती मांसासाठी वाढवून विकली आणि त्या धंद्याची सुरुवात तिथून सांगितली जाते. चाळीसच्या दशकाच्या शेवटी तिथे 'उद्याची कोंबडी' निवडायच्या स्पर्धा झाल्या आणि छातीला भरलेल्या, झपाट्याने वाढणाऱ्या पक्ष्याची वंशावळ ठरत गेली. आपल्याकडे सत्तरच्या दशकापासून पुण्यातून हा धंदा फोफावला. त्याचे भले परिणाम पुष्कळ आहेत, स्वस्त प्रथिनं हा त्यातला पहिला. पण घरच्या हाताचं कसब त्याने पुसलं. साधारण सहा आठवड्यांत दोन किलोचा होणारा पक्षी दुकानदार तुमच्या डोळ्यांदेखत काही मिनिटांत सोलून देतो. कातडी ओढून काढली की पाणी तापवणं नको आणि पिसं उपटणं नको. त्यामुळे कातडीसकटची कोंबडी बहुतेक शहरी मराठी घरांतून गेली, आणि तिच्याबरोबर रश्श्यावर तरंगणारी ती पिवळी चरबीही गेली. गावठी कोंबडी सोलून आणणारे नंतर चव आली नाही म्हणतात. चवीचा मोठा हिस्सा तर ते दुकानाच्या बादलीत टाकून आलेले असतात.

परदेशात याच काळात उलटा प्रवाह सुरू झाला. व्हर्जिनियातल्या जोएल सॅलटिनसारख्या शेतकऱ्यांनी कुरणावर कोंबड्या वाढवून शेतावरच कापायची पद्धत लोकप्रिय केली. तिथल्या १९५७ च्या कुक्कुटमांस तपासणी कायद्यात लहान शेतकऱ्यांसाठी ठेवलेल्या सवलतीमुळे ते शक्य झालं. पत्र्याचा शंकू, त्यात डोकं खाली करून ठेवलेला पक्षी, रबरी बोटांचं पिसं काढायचं पिंप, हे सगळं त्या चळवळीने घरगुती केलं. दुसरीकडे कत्तलीच्या वेळचा ताण आणि वेदना यांचा शास्त्रीय अभ्यास वाढला. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमात हाताने मान निखळवण्याला तीन किलोपर्यंतच्या पक्ष्याची आणि एका माणसाला दिवसाला ७० ची मर्यादा घातली गेली, कारण दमलेला हात चुकतो. आपल्याकडच्या नव्या शेतकऱ्यांनी पत्र्याचा शंकू उचलला आहे आणि ते चांगलंच आहे. शंकूत पक्षी पंख फडफडवू शकत नाही, शांत राहतो, आणि पंखाची हाडं मोडत नाहीत. जुन्या पत्र्याच्या डब्यापासून किंवा तळ कापलेल्या प्लॅस्टिकच्या कॅनपासून तो घरी होतो.

मारायच्या रीतींबद्दल लोक फार तावातावाने बोलतात. मान मुरगाळणं, एका घावात मुंडकं उडवणं, गळ्यावर सुरी फिरवून रक्त जाऊ देणं, विजेने आधी बेशुद्ध करणं, असे चार पंथ समजा. लेखकांनी चौघांचीही बाजू न्यायाने मांडली आहे. माझं मत विचाराल तर घरी एकदोन पक्षी करणाऱ्याने धर्माने किंवा घराच्या रीतीने जी पद्धत आली असेल ती ठेवावी आणि तीन गोष्टींवर सगळं लक्ष द्यावं. सुरी अशी हवी की ओझं न टाकता चालेल. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या मुख्य रक्तवाहिन्या एकाच वेळी कापल्या जाव्यात. एकाच बाजूची कापली तर मेंदूला रक्त मिळत राहतं आणि शुद्ध जायला कितीतरी जास्त वेळ लागतो. तिसरी गोष्ट आधीच्या तासांची. कोंबडीला माणसासारखा छाती-पोटामधला पडदा नसतो. उलटी धरली की आतल्या अवयवांचं वजन फुफ्फुसांवर आणि हवेच्या पिशव्यांवर येतं. रात्रीच्या काळोखात खुराड्यातून हळूच काढून, दोन्ही पंख अंगाशी धरून, सकाळपर्यंत डालग्याखाली शांत ठेवलेली कोंबडी आणि बाजारातून दोन तास उलटी लटकत आलेली कोंबडी यांच्या शेवटच्या दिवसात जमीन-अस्मानाचा फरक असतो. गळा कापल्यानंतर दिसणारी फडफड ही पुष्कळदा मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असते, हे लहान मुलांना आधीच सांगावं, म्हणजे ती घाबरत नाहीत.

आता पाणी की जाळ. जाळाच्या बाजूचे म्हणतात, मोठी पिसं कोरडीच उपटावीत, मग गवताच्या किंवा पाचटाच्या ज्वाळेवर कोंबडी फिरवून लव जाळावी, हळद चोळून स्वच्छ धुवावी. त्या धुराचा वास पुढे रश्श्यात उतरतो आणि तो ज्याला आवडतो त्याला दुसरं काही चालत नाही. पाण्याच्या बाजूचे म्हणतात, पिसं सोपी आणि मुळापासून निघतात. दोघंही बरोबर आहेत. चूक होते ती उकळतं पाणी तसंच घमेल्यात ओतण्यात. कातडी शिजते, उपटताना फाटते. साधारण ६० अंशांचं पाणी पुरतं, कोवळ्या तलंगीला त्याहूनही थोडं कमी. थर्मामीटर नसेल तर उकळतं आणि साधं पाणी निम्मं-निम्मं घ्यावं, भांड्याने थोडी उष्णता खाल्ली की जवळपास तिथेच येतं. मिनिटभर बुडवून हलवत राहावं आणि शेपटीचं एक पीस ओढून पाहावं. सहज आलं की बाहेर काढावं.

आतलं काम पुस्तकात फार सुंदर आलं आहे, आणि चित्रं पाहून वाटतं की काढणाऱ्याने स्वतः कोंबड्या उघडल्या आहेत. गळ्यापाशी दाण्याची पिशवी, पोटात पेटा, कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी. ती फुटली की सगळं कडू होतं, म्हणून कलेजीचा थोडा तुकडा सोडावा लागला तरी चालेल, पण पित्ताला सुरी लावू नये. आदल्या रात्रीपासून आठ-दहा तास खाद्य बंद आणि पाणी चालू ठेवण्याचं कारणही इथेच कळतं. भरलेलं आतडं फुटलं की त्यातले जंतू मांसावर जातात. अंड्यावरची कोंबडी उघडली की आत पिवळ्या बलकांची उतरती माळ दिसते, मोठ्यापासून मोहरीएवढ्यापर्यंत. त्यासाठी घरातली पोरं भांडतात, हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना आठवेल. कापल्यावर अंग ताठ होतं ते काही तासांनी पुन्हा सैल पडतं. म्हणून एक तर लगेच चुलीवर चढवावी, नाहीतर थंड जागी किंवा फ्रिजमध्ये ठेवून सैल झाल्यावर. मधल्या वेळेत शिजवली की सहा महिन्यांचा कोंबडा चामड्यासारखा लागतो आणि दोष बिचाऱ्या जातीला दिला जातो.

ज्या प्रकरणासाठी मी हे पुस्तक प्रत्येक बचतगटाच्या हाती पाहू इच्छितो ते आजाराचं आहे. मर लागली, दोन-चार कोंबड्या माना टाकायला लागल्या की गावात पहिला विचार येतो, मरायच्या आधी कापून खाऊन टाकू. तो विचार गरिबीतून येतो, त्याला हसू नये. पण २००६ च्या जानेवारीत तुर्कस्तानच्या पूर्व भागात आजारी कोंबड्या हाताळणाऱ्या घरांतली मुलं बर्ड फ्लूने दगावली, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत आपल्या नवापुरात भारतातला पहिला प्रादुर्भाव सापडला. लाखो पक्षी नष्ट करावे लागले. आदिवासी घरांच्या अंगणातलं चालतं-बोलतं धनही त्यात गेलं. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला पुन्हा तेच झालं. नीट शिजलेल्या मांसातून हा विषाणू येत नाही, ७० अंशांच्या वर तो मरतो. धोका असतो कापताना, पिसं उपटताना, आतडी काढताना, म्हणजे ज्या सकाळीचं हे पुस्तक आहे त्याच सकाळी. सुस्त, तुरा निळा पडलेली, तोंडातून लाळ गळणारी कोंबडी कापायची नाही, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं, हा नियम मोडण्याला कोणतीही सबब नाही. निरोगी कोंबडीच्या बाबतीतही पिसं-आतडी कुत्र्यांपुढे न टाकता खड्ड्यात चुना टाकून पुरावीत.

कायद्याबद्दल थोडक्यात. १९६० चा प्राण्यांच्या छळाचा प्रतिबंध करणारा कायदा अन्नासाठी मारणं गुन्हा मानत नाही, अनावश्यक वेदना देणं मानतो. घरच्या ताटासाठी कापण्याला परवाना लागत नाही. विकायची म्हटलं की अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी आली, दिवसाला ५० पक्ष्यांपर्यंतचा व्यवसाय त्यात लहान धरला जातो. शेतावरून गावठी चिकन विकण्याचा विचार करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

आणखी एक गोष्ट, जी लेखकांनी न बोलता केली आहे आणि मी बोलून दाखवतो. परसातली कोंबडी बाईची असते. अंडी विकून आलेले पैसे तिच्या लुगड्याच्या गाठीत जातात, आजाऱ्याला आळणी पाणी तीच करून देते, कुठली कोंबडी खुडूक बसली आणि कुठली अंडं चोरून घालते हे तिलाच ठाऊक असतं. पण कापायला पुरुष, आणि पुरुष घरी नसला तर शेजारचा. कोणती कोंबडी कापायची हा निर्णयही पुष्कळदा तिला न विचारता होतो. या पुस्तकातल्या बहुतेक प्रात्यक्षिकांत सुरी बाईच्या हातात आहे. ज्या हाताने पिल्लू वाढवलं त्याच हातात ती कोंबडी सर्वांत शांत राहते, हे मी कितीतरी अंगणांत पाहिलं आहे. चित्रांतली ही निवड विचारपूर्वक केलेली आहे आणि मला ती पूर्ण पटते.

पुस्तक वाचून कुणी एकट्याने पहिली कोंबडी कापू नये, अशी माझी विनंती आहे. चित्रांची पानं आधी वाचावीत, सुरीला धार लावावी, पाणी तापत ठेवावं, आणि गावातल्या जाणत्या माणसाला, मग तो मुलाणी असो, पाड्यावरची आजी असो की शेजारचा काका, शेजारी उभं राहायला बोलवावं. पहिल्या वेळी पिसं काढण्याचं आणि आत साफ करण्याचं कामच स्वतःकडे घ्यावं. सुरी पुढच्या वेळी.